भाऊंच्या पाठीवर मांडलेला डाव

किस्से गोळा करायला माणसं कुठं कुठं हिंडतात म्हणे. आम्हाला रविवारी दुपारी कडेगावात सुनीलच्या फ्लेक्सच्या दुकानात नुसतं बसलं तरी पुरतं. एक सांगून होईस्तोवर दुसरा घडलेला असतो. आणि पहिला सांगताना कुणीतरी "आसं झालंच न्हवतं!" म्हणून भांडायला उठला, की तो तिसरा.

आम्ही घरच्या घरी बोर्डगेम बनवतो. होय, चाळिशी उलटलेली, पोराबाळांची माणसं. हसून घ्या. आमच्या बायका हसून हसून दमल्या, आता त्या वळूनसुद्धा बघत नाहीत.

मंडळी मोजकीच. दुकानवाला सुनील. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, ज्यांचं खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय. आटपाडीकडचा बिरू, ज्याच्या घरी अजून मेंढरं आहेत आणि जो स्वतः इथल्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. ऊसवाला विलास. आणि मी. मी हायस्कूलला गणित शिकवतो, त्यामुळे फासा वाईट पडला की दोष माझा.

सगळं सुरू झालं विलासमुळे. सुनीलच्या पोरांचा एक विकतचा खेळ दुकानात पडला होता. जगातली शहरं विकत घ्यायची, त्यावर हॉटेलं बांधायची. विलासच्या वाट्याला लंडन आलं. त्यानं ते कार्ड उलटून पालटून बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "जागा बरी दिसतीय. पर हिथं जायची वाट कुनाच्या रानातनं हाय?"

आम्ही पोट धरून हसलो. विलास हसला नाही.

त्याचंही कारण आहे. विलासचा दोन एकर ऊस रस्त्यापासून आत आहे आणि मध्ये रान आहे त्याच्या चुलत भावाचं, शंकरअण्णाचं. पूर्वी गाडी तिथूनच जायची. अकरा वर्षांपूर्वी विलासच्या भरलेल्या ट्रॉलीनं अण्णाचा नवा बांध मोडला, शब्दाला शब्द लागला आणि अण्णानं वाटेवर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. अण्णा टपरीवर चहा पिताना सगळ्या गावाला सांगतो, "मी कुठं न्हाई म्हनतोय? पर इचारायची काय पद्धत असती का न्हाई?" विलास त्याच टपरीवर पलीकडच्या बाकावरून सांगतो, "आज्याच्या काळापासनं वाट हाय. मी कशाला इचारू?" दोघं एकाच किटलीतला चहा पितात आणि एकमेकांच्या डोक्यावरून भिंतीकडं बघतात.

त्यामुळं विलासचा ऊस दरवर्षी मोळ्या बांधून, डोक्यावरून, ओढ्याच्या कडेनं रस्त्यापर्यंत येतो. यंदा तोडणीच्या टोळीच्या मुकादमानं साफ सांगून टाकलं होतं, "गाडी फडात आली तरच कोयता लावनार. न्हाई तर तुमचा ऊस तुमालाच लखलाभ!"

तर लंडनला वाट नाही म्हणून विलासनं तो डाव सोडला आणि म्हणाला, "आपलाच कायतरी खेळ काढू या की रं."

काढला.

*

पहिला खेळ अर्थातच उसाचा. 'तोड' त्याचं नाव. आपला ऊस फडातून कारखान्यात पोचवायचा, बस्स. पण बोर्ड कशावर काढायचा? सुनीलच्या दुकानात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे उरलेसुरले फ्लेक्स ढिगानं पडलेले. त्यातला एक पालथा घातला आणि पाठीवर मार्करनं चाळीस घरं आखली. फ्लेक्स आमच्या भागातल्या एका भाऊंचा होता. भाऊंना वर्षातून एकच वाढदिवस असतो, पण फ्लेक्स बारा महिने लागतात. अंगठ्या घातलेला हात उंचावलेले भाऊ टेबलावर पालथे आणि आम्ही त्यांच्या पाठीवर ऊस तोडतोय!

तिसऱ्या रविवारी भाऊंचा एक कार्यकर्ता दुकानात आला. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट. त्याला जुना फ्लेक्स परत हवा होता. त्यानं सोंगट्या बाजूला सारून बोर्ड उचलला, उलटा केला आणि त्याचा चेहरा पडला.

"भाऊंच्या पाठीवर ह्ये काय लिवलंय?"

सुनील गार. सुभेदार म्हणाले, "खेल है."

कार्यकर्त्यानं फ्लेक्स उजेडासमोर धरला. आता पुढचे भाऊ आणि मागची घरं एकदमच दिसायला लागली. तो बोट लावून एकेक घर वाचू लागला. भाऊंच्या कपाळावर 'गाळप बंद' आलं होतं. बरोबर तोंडावर 'वजनकाटा बिघडला'. उंचावलेल्या हाताखाली 'ओळखीच्याचा ऊस आधी, तुम्ही दोन डाव थांबा'.

आम्ही जीव मुठीत धरून बसलो. कार्यकर्त्यानं दारातून बाहेर एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं बघितलं. मग बोर्ड टेबलावर होता तसा पालथा घातला आणि हळूच म्हणाला, "सगळी घरं बराब्बर जागंवर पडल्यात. हलवू नगासा."

*

नियम लिहायचं काम सुभेदारांनी स्वतःकडं घेतलं. कुणी दिलं नव्हतं. चाळीस घरांच्या खेळाला त्यांनी वहीभर नियम लिहिले, तेही हिंदीत, कारण मराठीत हुकूम दिला की लोक "का?" म्हणून विचारतात, असा त्यांचा अनुभव. नियम पहिला: 'फासा फेंकने से पहले खिलाड़ी सावधान होगा.' म्हणजे प्रत्येक डावाला उठून उभं राहायचं! बिरूच्या हातून एकदा फासा टेबलाखाली गेला, तर 'हथियार गिराने' बद्दल त्याला दोन डाव कोपऱ्यात उभं केलं. खेळ सोडून घरी जायचं असेल तर रजेचा अर्ज.

सगळ्यात भारी नियम सतरावा. दुसऱ्याच्या घरातून सोंगटी न्यायची असेल तर खेळाडूनं स्वतः, मोठ्यानं, समोरच्याचं नाव घेऊन परवानगी मागायची. सुभेदार दहा आकडे मोजणार. तेवढ्यात विचारलं नाही तर तुम्ही बाद. आणि समोरच्यानं द्यायची तर द्यावी, नाही तर नाही. पहाऱ्यावरच्या जवानाला न विचारता पुढं गेलेल्या माणसाचं काय होतं, हे सुभेदारांनी आम्हाला इतक्या बारकाईनं सांगितलं होतं की त्यावर कुणी वाद घातला नाही.

एका रविवारी सुभेदारीणकाकू त्यांना बोलवायला दुकानात आल्या. जेवण गार होत होतं. सुभेदार उठले, वहीतला कागद फाडून रजेचा अर्ज लिहिला, 'घरेलू कारण' असं कारण घातलं, मग खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन स्वतःच तो अर्ज वाचला आणि सही करून मंजूर केला.

काकू दारात कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होत्या. आमच्याकडं वळून म्हणाल्या, "तीस वर्सं ह्यास्नी दुसऱ्यानं नाचवलं. आता तुमी सापडलासा व्हय!"

*

बिरूनं काढलेल्या खेळाचं नाव 'आवर्तन'. कॅनॉलला पाणी सुटतं, ते एकेका घरातून पुढं जातं. पाणी म्हणजे निळ्या काचेच्या गोट्या. ज्याच्या दारात गोट्या येतील त्यानं लागतील तेवढ्या काढून घ्यायच्या आणि उरलेल्या पुढं सोडायच्या. पहिली घरं आमच्या भागातली, उसाची. शेवटचं, चाळिसावं घर आटपाडीकडचं. तिथं बिरू स्वतः बसला.

सात रविवार खेळलो. बिरूच्या घरात एक गोटी पोचली नाही. विलास तर गोट्या खिशात भरायचा. "ऊस हाय बाबा, त्याला पानी लागतंय," म्हणून वर आम्हालाच ऐकवायचा. ज्याच्या फडातून ऊस बाहेर पडत नाही तो माणूस दुसऱ्याच्या घरात पाणी जाऊ देत नव्हता, आणि यात आपण काही वावगं करतोय असं त्याला एकदाही वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, कारण माझं घर विलासच्या लगेच खाली होतं आणि मीही खिसे भरत होतो. आता हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा गोट्या मोजण्यात दंग होतो.

मी बिरूला एकदा म्हटलं, "अरे, खेळ तूच काढलास. स्वतःला वरचं घर तरी घ्यायचंस."

"मग काय खोटं लिवू व्हय, सर?"

आठव्या रविवारी काय झालं कोण जाणे. सगळ्यांची घरं भरली, फासा सहा-सहा पडत गेला आणि अकरा गोट्या गडगडत थेट चाळिसाव्या घरात आल्या! आम्ही ओरडलो, सुनीलनं टेबल बडवलं, सुभेदारांनी सावधान होऊन सॅल्यूट ठोकला.

बिरू मात्र त्या गोट्यांकडं संशयानं बघत बसला. हात लावेना. मग वही मागून घेतली, नियम पहिल्यापासून वाचले, बोटांवर हिशेब केला आणि तेराव्या घरात झालेली चूक शोधून काढली. अकराच्या अकरा गोट्या ओंजळीत उचलून त्यानं वरच्या घरात नेऊन ठेवल्या.

"मला वाटलंच," तो म्हणाला, "आमच्यापतुर पानी आलं म्हंजे खेळात कायतरी बिघाड हाय."

*

मग सुनीलच्या डोक्यात शिरलं की हे खेळ विकले पाहिजेत. विकायचे कुठं, तर पाचगणीला. तिथं पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि पिशवीत मावेल ते घेऊन जातात. 'तोड'चे चार बोर्ड केले, बिरूच्या घरच्या घोंगड्यात गुंडाळले आणि बिरू, सुनील आणि मी गेलो. स्ट्रॉबेरीच्या एका गाड्याशेजारी दगडावर घोंगडं अंथरून बोर्ड मांडून बसलो.

दुपारपर्यंत आमच्याकडं एका कुत्र्याशिवाय कुणी फिरकलं नाही. मग गॉगल लावलेल्या एक बाई थांबल्या.

"हाऊ क्यूट! हँडमेड आहे? थीम काय आहे?"

"ऊस," बिरू म्हणाला.

"सो रूरल! आणि एक गेम संपायला साधारण किती वेळ लागतो?"

बिरूनं विचार केला. बिरू खोटं बोलत नाही, हा त्याचा मोठाच दोष आहे. "आडसाली लावला तर आठरा म्हयने. तोड मिळाली तर!"

बाईंना वाटलं हा विनोद आहे. त्या खूप हसल्या. मग त्यांनी बोर्डाखालचं घोंगडं चाचपून बघितलं, नाकाला लावलं, "ओह, ऑथेंटिक!" म्हणाल्या. बोर्ड काळजीपूर्वक काढून आमच्या हातात दिले आणि घोंगडं विकत घेऊन गेल्या.

परतीच्या एसटीत बिरू सगळी वाट कुडकुडत आला.

*

यानंतर विलासनं हट्ट धरला. त्याला त्याचा स्वतःचा खेळ पाहिजे होता. नावही त्यानंच ठरवलं, 'वाट'. विलासनं भरलेली ट्रॉली फडातून रस्त्यावर आणायची आणि रानवाल्यानं वीस डावांपर्यंत ती अडवून धरायची. आम्ही म्हटलं, काढू की एक काल्पनिक गाव. पण विलास घरून गटाच्या नकाशाची झेरॉक्स घेऊन आला आणि सुनीलनं तीच स्कॅन करून, ताणून, स्टिकरवर छापली आणि फ्लेक्सच्या पाठीवर डकवली! ओढा, रस्ता, बांध, काट्यासुद्धा जागच्या जागी. आमच्या अकलेची कमाल बघा. पाच शहाण्या माणसांपैकी एकालाही वाटलं नाही की हे टपरीपर्यंत पोचेल.

पोचलं. पुढच्या रविवारी दुकानाच्या दारात शंकरअण्णा. डोळ्यांवर चष्मा, एका हातात नकाशाची नक्कल, दुसऱ्या हातात शिंप्याचा टेप. विलास खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

अण्णानं कुणाशी न बोलता बोर्डावर टेप लावला. दोनदा मापलं. मग मला म्हणाला, "सर, तुमी गणिताचं. माझं रान ह्यात आर्ध्या बोटानं कमी दावलंय. आर्धं बोट म्हंजे रानात किती हुतंय?"

मी मूर्खासारखा हिशेब केला. "साधारण तीन सऱ्या."

"बगा! तीन सऱ्या खाल्ल्या!"

विलास भिंतीकडं बघत म्हणाला, "सर, त्यास्नी सांगा, ह्यो खेळ हाय."

अण्णा छताकडं बघत म्हणाला, "सर, त्याला सांगा, बांध कोरनाऱ्याला पयल्यांदा खेळच वाटतोय."

दोघांच्या मध्ये तीन फुटांचं अंतर, आणि निरोप्या मी! सुभेदारांनी अण्णाची बाजू घेतली. "नक्शा ग़लत, तो लड़ाई ग़लत." सुनीलनं बोर्ड पुन्हा छापला. पुढच्या रविवारी अण्णा पुन्हा टेप घेऊन हजर. आता ओढा सरकला होता. पुन्हा छापला. तिसऱ्या खेपेला अण्णानं सगळ्या बाजू मापल्या, चष्मा कपाळावर सारला आणि नाइलाजानं म्हणाला, "आता बराबर हाय."

जायला वळला, तेवढ्यात बिरूनं साधा प्रश्न टाकला. "आवं अण्णा, खेळून बगितल्याबिगर बराबर हाय का न्हाई कसं कळंल?"

अण्णा दारात थांबला. वीस डावांची तर गोष्ट होती. तो परत आला आणि विलासच्या समोरच्या खुर्चीत बसला.

*

विलासची ट्रॉली म्हणजे काडेपेटी, तिच्यात उसाचे म्हणून खराट्याचे तुकडे. पहिल्याच फाशाला ती अण्णाच्या बांधाला येऊन टेकली. नियम सतरावा.

"एक," सुभेदार मोजू लागले. "दो. तीन."

सुनीलनं छपाईचं मशीन बंद केलं. बाहेर एक ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला.

"सात. आठ."

"सर," विलास कसाबसा म्हणाला, "त्यास्नी इचारा की..."

"नियम सतरा!" सुभेदार कडाडले. "खिलाड़ी ख़ुद पूछेगा! नौ!"

"वाट देता का?"

"किसको पूछा? नाम लो!"

विलासचे कान लाल झाले. तो बोर्डाकडंच बघत म्हणाला, "वाट देता का, अण्णा?"

अण्णानं चष्मा काढला. धोतराच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या. परत लावला. काडेपेटी जवळून बघितली, तिच्यातले खराट्याचे तुकडेही बघितले. घसा खाकरला.

"न्हाई!"

आणि स्वतःच्या हातानं ट्रॉली उचलून ओढ्याच्या कडेला नेऊन ठेवली.

वीस डावांत विलासनं नऊ वेळा विचारलं. तिसऱ्या वेळेपासून 'अण्णा' आपोआप आधी यायला लागलं. सहाव्या वेळी तो काकुळतीला आला, "अण्णा, आवं द्या की वाट! ऊस वाळाय लागला!" आणि दर वेळी अण्णा, डोळे चमकवत, मांडीवर थाप मारत, "न्हाई!" इतका खुश मी त्याला पोराच्या लग्नातही बघितला नव्हता. विसावा डाव संपला. ऊस बोर्डावर वाळला, अण्णा जिंकला. त्यानं एकेकाशी हात मिळवला, विलास सोडून, आणि टेप गुंडाळून निघून गेला.

विलासही उठला. जाताना पायात एक चप्पल त्याची होती, एक माझी. बिरू म्हणाला, "रानात बी न्हाई, बोर्डावर बी न्हाई. गड्याचं हसं केलं आपन." मला खरंच वाईट वाटलं. मुकादमाची टोळी मंगळवारी गावात येणार होती, आणि आम्ही त्या माणसाला नऊ वेळा हात पसरायला लावून वर मजा बघितली होती.

सोमवारी सकाळी शाळेला निघालो तर विलासचा फोन. "सर, आदी रानात या." मी गाडी तिकडं वळवली.

वाटेवरच्या काट्या नव्हत्या. अकरा वर्षांच्या सगळ्या काट्या ओढून एका बाजूला ढीग लावला होता. बांध दोन्ही अंगांनी उतरता करून, वर माती चोपून घट्ट केली होती, ट्रॉलीची दोन्ही चाकं मावतील एवढी रुंद. अण्णा फावडं टेकवून पंपाच्या पाण्यात पाय धूत होता. अलीकडं विलास उभा, तोंड उघडं.

"सर," तो सवयीनं म्हणाला, "त्यास्नी इचारा, ह्ये काय हाय."

मी विचारलं. "अण्णा, काल तर नऊ वेळा नाही म्हणालात!"

अण्णानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी नापास पोरांकडं बघतो.

"आवं सर, खेळात कशाला दिऊ? हारलो आस्तो की!"